डिस्कांची खंडेनवमी

हार्ड डिस्कांना हळदकुंकू वाहून त्यांच्या शेजारी नारळ फोडण्याची पद्धत आमच्या घराण्यात पूर्वी नव्हती. ती मी सुरू केली, आणि त्याच दिवशी बंदही पाडली.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. जळगावात आमचा छापखाना होता, मागेच घर. लग्नपत्रिका, हँडबिलं, सत्यनारायणाची निमंत्रणं, असला सगळा माल. मी पुण्याहून कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून आलो होतो, आणि आल्या दिवसापासून वडिलांना (म्हणजे आबांना) त्यांचा छापखाना कसा जुनाट आहे हे समजावून सांगत होतो. शेवटी कंटाळून आबांनी दोन कॉम्प्युटर घेतले आणि माझ्या हट्टापायी पुण्याच्या एका बंद पडलेल्या कंपनीची एक जाडजूड पेटीही आणली. दोन्ही कॉम्प्युटरवरचं काम वायरीतून थेट या पेटीत जमा व्हायचं. पेटीत तीन खण, तीन खणांत तीन हार्ड डिस्का.

"तीन कशाला?" आबांनी विचारलं.

"आबा, हिला रेड म्हणतात! माहिती तिघींत वाटून ठेवते. एक डिस्क मेली तरी उरलेल्या दोघी हिशोब करून तिसरीचं सगळं परत उभं करतात!"

आबांनी थोडा विचार केला. "म्हणजे तीन भावांचं एकत्र कुटुंब. एक गेला तरी दोघं संसार ओढतात."

"बरोब्बर!"

"आणि भावांत गडबड झाली तर?"

"होतच नाही!" मी म्हणालो. (माणूस बोलून जातो.)

त्या वर्षी आबांनी समाजाचं वधूवर परिचय पुस्तक अंगावर घेतलं. दिवाळीच्या आधी धुळ्याला मेळावा होता; तुळशीचं लग्न लागलं की समाजातल्या लग्नांचा हंगाम सुरू होतो, त्याआधी पुस्तक लोकांच्या हातात हवं. धुळ्याच्या बैठकीत आबा उभे राहिले आणि भर सभेत म्हणाले, "मेळाव्यात पुस्तक दिलं नाही, तर परत धुळ्यात पाऊल ठेवणार नाही!" टाळ्या पडल्या. फक्त त्यांच्या थोरल्या बहिणीने, आमच्या अक्काआत्याने, टाळी वाजवली नाही. ती धुळ्यातच राहते.

"मंग मना घर कसा येशी तू?" एवढंच तिने विचारलं.

शिंदखेड्यापासून रावेरपर्यंतच्या उपवर मुलामुलींचे फॉर्म आले. कामावरच्या पोरांनी ते टाइप केले, मी फोटो स्कॅन केले, सगळं पेटीत साठवलं. दसऱ्याच्या आधी काम पुरं झालं. आता फक्त छापायचं! त्या आनंदात मी फॉर्मांचे आणि फोटोंचे गठ्ठे उचलले आणि कोपऱ्यावरच्या फरसाणवाल्याला देऊन टाकले.

"अरे, कागद राहू दे ना," आबा म्हणाले.

"आबा! युग बदललंय! पेटीत आहे ना सगळं!"

आणि खंडेनवमी आली.

छापखान्यात खंडेनवमी म्हणजे मोठा सण. हत्यारांची पूजा! छपाईचं ट्रेडल मशीन पुसून लखलखीत, कटिंग मशीनला झेंडूची माळ, शिशाच्या अक्षरखिळ्यांच्या कप्प्यांवर हळदकुंकू. अक्काआत्या खास पूजेसाठी धुळ्याहून आली होती. आई ताट घेऊन फिरत फिरत पेटीपाशी आली आणि थांबली.

"हिच्यात हत्यार कुठंय?"

"आत आहे."

"मग बाहेर काढ. पूजा हत्याराची करतात, डब्याची नाही."

इथं कुठल्याही शहाण्या माणसाने नाही म्हटलं असतं. पण अक्काआत्या बघत होती, शेजारचे दुकानदार प्रसादाला जमले होते, आणि मला आपलं ज्ञान दाखवायची खुमखुमी आली. मी पेटी रीतसर बंद केली आणि जादूगाराने टोपीतून ससे काढावेत तशा खटाखट तिन्ही डिस्का ओढून काढल्या. लोक "वा!" म्हणाले. मी आणखी फुगलो. तिघींना पाटावर बसवलं. आईने हळद वाहिली, कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या. अक्काने तिघींवरून बोटं ओवाळून कडाकडा मोडली.

"मायवं! काय गोड दिखतस!"

मग आबांनी नारळ घेतला. आबांचा हात पूर्वीपासून जड. एकाच दणक्यात नारळ फुटला, आणि त्याचं सगळं पाणी कडेच्या डिस्कवर गेलं. थेंब नव्हे, अभिषेक!

"तीर्थ शे, शुभ शे!" अक्का म्हणाली.

मी धोतराने डिस्क पुसली. (आबांच्या. तेही त्यांनी नेसलेलं.) मनात म्हटलं, चिंता नको, एक गेली तरी चालतं! आणि तिन्ही डिस्का परत खणांत घालायला गेलो. घालताना लक्षात आलं की कुठली कुठल्या खणात होती हे कुठंही लिहिलेलं नाही. तिन्ही दिसायला जुळ्या बहिणी, म्हणजे तिळ्या! पण मी डिप्लोमावाला. मी डोकं चालवलं. ज्या डिस्कवर कुंकवाचा टिळा सगळ्यात मोठा, ती पहिली. मधला टिळा मधे. छोटा शेवटी. यामागे काय शास्त्र होतं, ते मला आजही सांगता येणार नाही.

बटण दाबलं. पेटी किंचाळायला लागली.

"आरती तर झाली, आता ही का बोंबलतेय?" आबांनी विचारलं.

पडद्यावर लाल अक्षरं आली: एक डिस्क मृत, उरलेल्यांचा मेळ नाही, माहिती सापडत नाही. खाली सवाल: सगळं नव्याने मांडू का? हो की नाही? माझं बोट 'हो'कडे निघालंच होतं. "मांडू दे की नव्याने, सणाचा दिवस आहे!" असं आईही म्हणाली. पण त्या 'नव्याने'ची मला धास्ती वाटली, म्हणून आधी पुण्याला मिलिंदला फोन लावला. मिलिंद माझा वर्गमित्र, मेलेल्या डिस्कांतून माहिती काढायचा धंदा करायचा.

"पाणी पडलं?" त्याने विचारलं.

"नारळाचं."

"नारळाचं?"

"खंडेनवमी होती."

पलीकडून असं हसू, की आबांना ते टेबलाच्या पलीकडे ऐकू गेलं.

"कशालाही हात लावू नकोस," तो कसाबसा म्हणाला. "'हो' दाबलंस तर तुझा सगळा समाज पुसला जाईल. क्रम कुठला होता?"

"तोच तर माहीत नाही!"

"आणि कागद आहेत ना मूळ?"

मी फोन कानाला लावून फरसाणवाल्याच्या दिशेने बघत राहिलो. आबा माझ्याकडे बघत होते. त्यांना सगळं समजलं. ते तसेच अनवाणी कोपऱ्यावर पळाले आणि थोड्या वेळाने पाव किलो शेव घेऊन परत आले. पुडीवर एवढंच वाचता येत होतं: 'अपेक्षा: मुलगी शांत स्वभावाची, स्वयंपाकाची आवड.' बाकीचा समाज भज्यांच्या तेलात भिजून जळगावभर वाटला गेला होता.

त्या दिवशी आबांनी माझ्याशी बोलणं टाकलं. आईने दसऱ्याच्या श्रीखंडाला हात लावला नाही. आणि अक्का दर अर्ध्या तासाने म्हणे, "बठ्ठा समाज वाट देखी राह्यना, आन् हाई पेटी बोंबली राह्यनी!" मला खरंच रडू येत होतं. आबांनी उभ्या आयुष्यात दिलेला शब्द मोडला नव्हता, आणि तो त्यांच्याच पोराने, त्यांच्याच नारळाने मोडायला लावला होता.

मिलिंद बसने रात्रभर हाडं खिळखिळी करून घेत सकाळी जळगावात उतरला. आल्या आल्या त्याने दोन धडधाकट डिस्कांच्या नकला काढल्या. तिसरीला वास घेऊन बाजूला ठेवली. "हिच्यात आता खोबरं धरेल," म्हणाला.

मग त्याने आम्हाला सगळं नीट समजावलं. "दोन डिस्का शाबूत आहेत, म्हणजे तिसरी हिशोबाने उभी करता येते. प्रश्न क्रमाचा. तीन डिस्का, सहा प्रकारे लागू शकतात. हा प्रोग्राम एकेक क्रम लावून बघेल आणि दर क्रमाला एक फोटो उघडून दाखवेल. फोटोचे तुकडे तिन्ही डिस्कांवर असतात. क्रम चुकला, तर कपाळ एकाचं आणि हनुवटी दुसऱ्याची. क्रम बरोबर असला, तर सलग एका माणसाचा चेहरा. एका फोटोला अर्धा तास लागेल. तुम्ही बघा, मी जरा पडतो. एका माणसाचा चेहरा दिसला की मला उठवा." एवढं बोलून तो कागदाच्या रिमांवर आडवा झाला आणि घोरायला लागला.

आई स्वयंपाकघरात होती. पेटीच्या खोलीत यायला आबांनी तिला बंदी घातली होती. ("तू आलीस की पूजा करशील!") पडद्यासमोर आबा, अक्काआत्या आणि मी.

पहिला फोटो हळूहळू वरून खाली उमटायला लागला. आधी केस, तेल लावून चप्प बसवलेले. मग कपाळ. कपाळ संपता संपेना! मग भुवया, एक वर एक खाली. मग दोन डोळे, एकमेकांना न भेटलेले. मग नाक, कान, एक बारीक मिशी, आणि सगळ्यात शेवटी हनुवटी, जी येते येते म्हणता आलीच नाही.

तिघंही बघत राहिलो.

"हाऊ एक माणूस नही शे," अक्का ठामपणे म्हणाली. "दोन शेतस. वरना शिंदखेडाना दिखस, खालना साक्रीना."

"दोन कसले, तीन म्हण," आबा म्हणाले. "कान बघ. हे कान या डोक्याचे नाहीत. असा माणूस आपल्या समाजात नाही!"

तोंड बंद ठेवायचं की नाही? पण नाही, मलाही मत द्यायचं होतं. "अहो आबा, जोड स्पष्ट दिसतोय! इथं, नाकाखाली! वरचा बरा शिकलेला वाटतो, खालच्याने घात केलाय. मिशी तर तिसऱ्याचीच, तीही उसनी आणलेली!"

अक्का पदर तोंडाला लावून खिदळायला लागली. त्या सगळ्या प्रकारात पहिल्यांदाच आबाही हसले. मला इतकं बरं वाटलं, की मी त्या बिचाऱ्या चेहऱ्यावर आणखी दोन विनोद केले आणि क्रम बाद केला.

दुसऱ्या क्रमाला एका नवरीच्या टिकलीखाली कुणा तलाठ्याची दाढी आली. "चला, पुढं." तिसऱ्याला डोळे चार आणि तोंडच नाही. चौथ्याला कोट, टाय आणि टायच्या वर नथ! पाचव्याला नुसते रंगीत पट्टे. अक्का म्हणाली, "हाई लुगडं चांगलं शे." सहावा उमटायला लागला तेव्हा आम्ही पडद्याला नाकं लावून बसलो. एका सुंदर मुलीचे डोळे आले, नाक आलं, आणि ओठांच्या जागी शेतातला पंप आला. (कुणीतरी पंपावर टेकून फोटो काढला असावा.)

संपलं. सहाही क्रम गेले. आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"अक्का," ते हळूच म्हणाले, "आता तूच जळगावला येत जा."

अक्काच्या डोळ्यांत पाणी आलं. मी मिलिंदला हलवून उठवलं. तो डोळे चोळत म्हणाला, "सहाही चुकले? अशक्य! एक तरी बरोबर असायलाच हवा. पहिला दाखवा बघू परत."

पहिला फोटो परत उमटायला लागला. केस, कपाळ, पुन्हा कपाळ, भुवया. तेवढ्यात आई बंदी मोडून चहाचा ट्रे घेऊन आत आली. पडद्याकडे बघितलं आणि तिथंच थबकली. चेहरा एकदम उजळला.

"अगं बाई! किती गोड आलाय! दिसला का तुम्हाला?"

"कोण?" आम्ही तिघंही ओरडलो.

"कोण काय? हा आपला! कॉलेजात असताना स्टुडिओत काढलेला! फॉर्मसकट मीच गुपचूप दिला होता गठ्ठ्यात. हा म्हणे, मी असल्या पुस्तकात नाव देणार नाही. म्हटलं, याच्या भरवशावर बसलं तर सून यायची कधी?"

मिलिंद हसता हसता रिमांवरून खाली पडला. अक्काने एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, मग पुन्हा पडद्याकडे. तेव्हा चष्मा नव्हता, कोट मित्राचा होता, मिशी नुकतीच फुटली होती, आणि स्कॅन करताना फोटो काचेवर पालथा घालायचा असल्याने मी सगळ्या समाजाच्या फक्त पाठी बघितल्या होत्या. पण हे सगळं ऐकून घ्यायला कुणी तयारच नव्हतं.

"मायवं!" अक्का म्हणाली. "हाऊ तर एकच शे!"

आबांनी टोपी परत डोक्यावर घातली आणि कितीतरी वेळाने माझ्याशी पहिलं वाक्य बोलले. "मिशी उसनी आहे म्हणालास ना?"

पहिला क्रमच बरोबर होता. मिलिंदने तो लावला आणि अख्खा समाज सलग, सुबक, आपापल्या हनुवटीसकट परत आला. ट्रेडल दिवसभर धडधडत राहिलं, बाइंडिंगला अक्कासुद्धा बसली, आणि पुस्तकाचे गठ्ठे घेऊन आबा मेळाव्याच्या सकाळी ताठ मानेने धुळ्यात उतरले. समाजाच्या मंडळाने त्यांना नारळ दिला. तो मी त्यांच्या हातातून लगेच काढून घेतला.

दुपारी साक्रीकडचे एक वधूपिता पुस्तक चाळत आबांपाशी आले. माझ्या पानावर बोट ठेवून म्हणाले, "भाऊ, बाकी पुस्तक एकदम फस्कलास. फक्त हाऊ एक फोटो छापताना बिघडेल दिखस. मूळ देखाले भेटी का?"

"भेटंल की," म्हणत आबांनी मला दंडाला धरून पुढे ओढलं. "हे घ्या मूळ."

पाहुण्यांनी मला वरून खाली शांतपणे बघितलं. मग परत पुस्तकात बघितलं. मग पुस्तक मिटून, मोठ्या सहानुभूतीने आबांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "नही भाऊ, छपाईमा काहीच चूक नही!"