पागोटे कोणी काढले?

"साहेबांसमोर हेडमास्तरांनी पागोटे काढले आणि वर्गाला इंग्रजी कळले," असे आमच्या बुधवारा वस्तीत अजून सांगतात. साफ खोटे! आज नातवाच्या लग्नाच्या पागोट्याला खळीचा वास आला आणि भाषावार नवे राज्य झाल्यावरची ती शाळातपासणी डोळ्यांसमोर उभी राहिली.

मी इंग्रजीचा मास्तर, माझी नोकरी कच्ची होती. ती पक्की होणे त्या एका तासावर अवलंबून होते. 'टेक'पुढे ऑफ, अवे, बॅक आले की अर्थ पालटतो, हे पाठांतराने मुलांना उमगेना. तपासणीला आलेल्या साहेबांच्या कपाळावर आठ्या पडल्या. तेव्हा वडीलधाऱ्यांसमोर कधी करू नये ते मी केले. माझे पागोटे उतरवले.

"टेक इट ऑफ!" वर्ग गरजला. मी ते पहिल्या बाकावर दिले. "टेक इट अवे!" मागून एकजण ओरडला, "गुरुजी, टेक इट बॅक, नाहीतर साहेब घेऊन जातील!" साहेब खदखदून हसले आणि माझी नोकरी पक्की झाली.

तपासणीसाठी सुतकातच आलेले हेडमास्तर दारात उभे होते, उघड्या डोक्याने. त्यांचे वडील जाऊन दहाच दिवस झाले होते. तेराव्याला मुलाच्या डोक्यावर बांधतात ते पागोटे त्यांना अजून बांधलेच नव्हते; काढणार काय?