मामी रबरी नावेत बसली तेव्हा

मला पोहता येतं, हे मी लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात बायकोला सांगितलं होतं आणि पुढे दर उन्हाळ्यात सांगत आलो. नागपूरच्या तरणतलावात मी तीन उन्हाळे घालवले होते. या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचो. मध्ये एकदा काठ धरायचो, तेवढं सांगत नसे.

सत्त्याऐंशीच्या मे महिन्यात आम्ही दोघं आणि कुही गावचे माझे मामा-मामी असे चौघं हरिद्वार-ऋषिकेशला गेलो. मामांची धानाची शेती. रोवणीच्या दिवसांत मामी मामांपेक्षा जास्त वेळ चिखलात वाकलेली असायची, पण घरात शब्द मामांचा. बायको मुलींच्या शाळेत इतिहास शिकवायची. सुट्टीत वर्ग नसल्यामुळे ती आम्हाला शिकवायची.

देवप्रयागहून जीपने परतताना चहाला थांबलो. खाली नदीच्या वाळूत दोन-तीन तंबू होते आणि फुगवलेली एक मोठी रबरी नाव. उसळत्या पाण्यातून लोकांना ऋषिकेशपर्यंत नेण्याचा हा उद्योग तेव्हा नवाच होता. दिल्लीचे दोघं अंगात फुगीर जाकिटं घालून तयार उभे होते. आणखी माणसं हवी होती.

“चला, बसू या,” बायको म्हणाली. “ही नदी म्हणजे एके काळची सरहद्द.”

मी लगेच हो म्हणालो. दुसरं काही म्हणण्याची सोय मी स्वतःच ठेवली नव्हती.

“मी नाही बसत,” मामा म्हणाले. “अन् हेबी नाही बसत.”

‘हे’ म्हणजे मामी. ती चहाचा कप खाली ठेवून सरळ वाळूकडे उतरायला लागली होती.

“कुठं चालली वं?”

“मले बसाचं हाये.”

“काहून? भेव नाही लागत?”

“लागते ना. तरी बसाचं हाये.”

मामा तिच्याकडे बघतच राहिले. मला वाटतं, त्यांच्या कानांना त्या आवाजाची ओळख नव्हती. मग ते जीपमध्ये जाऊन बसले. जीप रस्त्याने ऋषिकेशला जाऊन आम्हाला तिथे भेटणार होती.

नाव चालवणारा गढवाली माणूस मिशाळ आणि शांत होता. “माताजी, तैरना आता है?” त्याने विचारलं.

“नाही, बाप्पा.”

“और आप?”

“अच्छी तरह,” मी म्हणालो. त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि माझ्या जाकिटाचे पट्टे आणखी आवळले.

मामीने नऊवारीचा काष्टा घट्ट मारला. डोक्यावरचा पदर मात्र तिने काढला नाही. शिरस्त्राण पदरावरूनच चढवलं.

सुरुवातीला पाणी अगदी गरीब होतं. बायकोने संधी साधली. “उजवा काठ टिहरीच्या राजाचा, डावा इंग्रजांचा,” ती वल्ह्यानेच दाखवत म्हणाली. “गोरख्यांनी सगळा गढवाल घेतला होता. इंग्रजांनी त्यांना हाकललं, राजाला राज्य परत दिलं, पण अर्धं स्वतःकडे ठेवून घेतलं.”

मामी दोन्ही काठांकडे बघून म्हणाली, “म्हंजे भांडन सोडवाले आला तो अर्धं वावर घेऊन गेला.”

इतकी वर्षं हा धडा आपण उगाच लांबवला, असं बायको नंतर म्हणाली. तेव्हा तिला बोलायला वेळच मिळाला नाही. वळणापलीकडून घरघर ऐकू यायला लागली आणि नावाडी ओरडला, “रस्सी पकड़ो!”

पोहता येणारा माणूस म्हणून मी सगळ्यात पुढे, अगदी कडेला बसलो होतो. नावेचं नाक खाली गेलं, वर आलं आणि मी नावेत नव्हतो.

नागपूरच्या मे महिन्यातून आलेल्या माणसाला त्या पाण्याचा गारठा सांगून समजणार नाही. माझा श्वासच अडकला. तरणतलावात शिकलेलं काहीही आठवलं नाही. पाणी जिकडे नेईल तिकडे मी जात होतो आणि ओरडत होतो. काय ओरडत होतो ते बायकोला ठाऊक आहे. ती सांगते, म्हणून मी सांगत नाही.

पहिल्या लाटेने मला नावेपासून लांब नेलं, दुसरीने पुन्हा नावेवर आपटलं. त्याच क्षणी कुणीतरी माझं जाकीट खांद्याशी धरलं. मामी होती. पाय नावेत रुतवून, चिखलात फसलेलं वासरू ओढावं तशी ती मला ओढत होती.

“पाय हालव ना गा!” ती ओरडली. “येते म्हन्तो ना पोहता!”

मी पाय हलवले. नावाड्याने दुसरा खांदा धरला आणि मी आत येऊन उपडा पडलो. वर पाहिलं तर मामीचा पदर गळ्यात आला होता, शिरस्त्राण एका कानावर कललं होतं आणि ती तोंड उघडं टाकून हसत होती. तिला तसं हसताना मी कधीच पाहिलं नव्हतं. मला ते बघून बरं वाटलं.

“और है क्या आगे?” तिने नावाड्याला विचारलं.

“दो और हैं, माताजी.”

तिने माझंही वल्हं उचलून स्वतःजवळ ठेवलं. बहुधा माझ्यावर विसंबण्यात अर्थ नाही, असं तिने ठरवलं होतं.

ऋषिकेशला मामा धोतर वर खोचून गुडघाभर पाण्यात उभे होते. नाव लागताच त्यांनी मामीचा हात धरला आणि ती वाळूत पोचली तरी सोडला नाही. थेट हरिद्वारच्या बसमध्ये त्यांनी हळूच विचारलं, “भेव लागलं का वं?”

“लागलं ना.”

“मंग?”

“मंग काय? मजा आली.”

मामा जरा रागानेच म्हणाले, “मले जबरदस्तीनं काहून नाही बसवलं?”

कुहीला गेल्यावर गावात ही गोष्ट मामाच सांगायचे. आधी त्या गोष्टीत ते जीपमधून बघत होते. पुढे ते नावेत आले. दिवाळीत मी गेलो तेव्हा ओसरीवर जमलेल्या लोकांना ते सांगत होते, की भाच्याला पाण्यातून आपण कसं ओढून काढलं. बुडणाऱ्याने साक्ष काय द्यावी!

मामी दारात सुपात तांदूळ निवडत होती. मान वर न करता ती म्हणाली, “तुमी तं जीपमधी होते.”

सगळी ओसरी हसली. मामाही हसले, जरा उशिरा.