हंड्यावरची अक्षरं

लातूरहून नाशिकला बदली झाली. घराची अनामत, टेम्पोचं भाडं, हमाली, सामानाची यादी असं सगळं वहीत मांडलं, पण सामान काही छोट्या टेम्पोत मावेना आणि मोठा परवडेना. आई म्हणाली, "तिथं नळाला दिवसभर पाणी. हा हंडा कशाला न्यायलीस? देऊन टाक."

मी हो म्हणणारच होते. तेवढ्यात खिडकीतून उतरतं ऊन आलं आणि स्टीलवर कोरलेली अक्षरं हळूहळू उजळली. 'चि. सौ. कां. सुनंदा हिच्या विवाहाप्रीत्यर्थ, गल्लीकडून सप्रेम भेट.'

विवाह कुठला! मी बी. ए. झाले होते, आमच्या गल्लीतली पहिलीच. बायकांनी वर्गणी काढून हंडा घेतला आणि नाव घालणाऱ्याने सवयीचा मजकूर कोरून दिला. त्यांच्यापैकी कुणालाच तो वाचता येत नव्हता. मी वाचला. नंतर फक्त आईला सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "पोरीला हंडा म्हणजे लग्नच, असं वाटलं असंल बापड्याला."

ऊन हंड्यावरून सरकत राहिलं. मला वाटलं, गल्लीतल्या त्या सगळ्याजणी टेम्पोत दाटीवाटीने बसल्यात, वाऱ्यावर उडणारे पदर सावरत, कधी न पाहिलेल्या शहराकडे निघाल्यात. जे स्वतःला कधी मिळालं नाही, त्याचं त्यांना माझ्यासाठी केवढं कौतुक होतं!

"हंडा येणार," मी म्हणाले. "पलंग राहू दे."

"आणि झोपणार कुठं? हंड्यात?"

मी हसले आणि वहीतल्या पलंगावर रेघ मारली.