कंपायलरवर बोट ठेवणारी बाई

ऑफिसात तिला सगळे वकिलीणबाई म्हणत. शिकली प्रोग्रामिंग, पण हुज्जत घालायला लागली की समोरच्याला घाम फोडायची. घराण्यात हे नव्हतं. तिच्या आईने उभा जन्म ‘चुकलं माझं’ म्हणत काढला. दूध उतू गेलं, चुकलं माझं. सासरे स्वतःच्याच चष्म्यावर बसले, तरी चुकलं माझंच! पोरीने तेव्हाच ठरवलं होतं, केलं असेल तर दहादा म्हणेन, नसेल केलं तर मेले तरी म्हणणार नाही.

आणि नेमकं तेच म्हणायची वेळ तिच्यावर आली.

तिची कंपनी दवाखान्यांसाठी यंत्रं बनवायची. पेशंटचा श्वास अडखळला की सिस्टरच्या टेबलावर अलार्म वाजायचा आणि पडद्यावर बेडचा नंबर यायचा. एका संध्याकाळी नंबर आला पाच. सिस्टर धावली, तर पाचवरचा माणूस मजेत घोरतोय! आणि तिकडे अकरावरचे म्हातारबाबा निळे पडलेले. त्यांच्या सुनेने बोंब ठोकली म्हणून वाचले, नाहीतर खेळ खलास होता.

नंबर दाखवणारी प्रोग्राममधली ओळ वकिलीणबाईने लिहिलेली. खापर कुणाच्या डोक्यावर फुटणार, हे सांगायला नकोच.

तिने ती ओळ उलटीसुलटी करून पाहिली. खोट नव्हती. मग तिने मोर्चा वळवला कंपनीने नुकत्याच आणलेल्या नव्या कंपायलरकडे. कंपायलर म्हणजे आपण लिहिलेलं यंत्राच्या भाषेत उतरवून देणारा दुभाषा. त्याच्यावर संशय घ्यायचा नाही, असा त्या धंद्यातला दंडकच. नवशिके घेतात आणि तोंडघशी पडतात.

तर काही फंक्शनं, म्हणजे प्रोग्राममधले एकेक काम करणारे तुकडे, अशी असतात, की त्यांना आकडे किती द्यायचे ते ठरलेलं नसतं. दोन द्या, दहा द्या, मुकाट घेतात. आकडे ओळीने खणांत ठेवायचे, पलीकडून त्याच क्रमाने काढायचे. लहान आकड्याला एक खण पुरतो. मोठ्याला दोन लागतात, आणि ती जोडी सम नंबराच्या खणापासूनच सुरू व्हायला हवी. त्यासाठी मधला एखादा खण रिकामा सोडावा लागला, तर सोडायचा. तिच्या ओळीतही तसंच फंक्शन: आधी यंत्र सुरू होऊन किती वेळ झाला हा अगडबंब आकडा, आणि त्याच्या मागे बेडचा नंबर. नव्या कंपायलरने ठेवताना खण सोडला आणि काढताना सोडलाच नाही! सगळं एका खणाने सरकलं. बेडचा नंबर म्हणून बाहेर आला तो वेळेचाच अर्धा तुकडा, त्या संध्याकाळी पाच.

चाचण्या? झाल्या होत्या की, जुन्या कंपायलरवर! नवा आणल्यावर कुणी केल्या नाहीत. कोडचं एक अक्षरही बदललं नव्हतं, मग तपासायचं कशाला? शहाण्यांचा कारभार सगळा.

साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं.

“अहो, तो कंपायलर जगभर वापरतात. तो चुकला म्हटलं तर लोक हसतील.”

“हसू देत.”

“उद्या दवाखान्याचे लोक येताहेत. ‘माझी ओळ चुकली, आता बदलली’, एवढं म्हणा. नोकरी शाबूत राहील, माझा शब्द.”

“आणि नाडीच्या ओळी? सलाईनच्या? सगळ्या त्याच कंपायलरमधून गेल्यात.”

“त्या बघू हळूहळू.”

“हळूहळू? ते म्हातारबाबा थांबणार होते का हळूहळू?”

बोलली खरी, पण बाहेर आल्यावर पगाराचा हिशेब मांडत बसली. घर तिच्या एकटीच्या जिवावर चाललेलं. कुणाला भीती वाटणार नाही?

दुसऱ्या दिवशी बैठकीत ती सिस्टरही आली होती, चेहरा पार उतरलेला. तूच नंबर चुकीचा वाचलास, म्हणून वॉर्डात सगळे तिच्या मागे लागले होते. साहेबांनी वकिलीणबाईला खूण केली. ती उठली.

“चूक माझी नाही. ह्या सिस्टरांचीही नाही.”

साहेबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तिने तिकडे बघितलंही नाही. सगळ्यांसमोर नवाकोरा चार ओळींचा प्रोग्राम लिहिला, त्यात बेड दिला अकरा आणि यंत्राची वेळ त्या संध्याकाळचीच. पडद्यावर आला पाच. बेड अकराच ठेवून वेळ तासा-दीड तासाने पुढे सरकवली, आला सहा.

“म्हणजे मी बरोबर वाचलं होतं?” सिस्टरने विचारलं.

“अगदी बरोबर वाचलं होतंत.”

“आणि आत्ता माझ्या वॉर्डात?”

“एकाही नंबरवर विसंबू नका.”

सिस्टरने तिथेच फोन लावला. “प्रत्येक बेडपाशी माणूस बसवा. पडद्याकडे कुणी बघू नका, पेशंटकडे बघा!”

पाहुणे गेल्यावर साहेब कडाडले, “उद्यापासून येऊ नका!”

“येणार. शेवटचं यंत्र जुन्या कंपायलरवर जाईपर्यंत रोज येणार. मग काढा खुशाल.”

घरी आई कपड्यांच्या घड्या घालत होती. सगळं ऐकून हळहळली. “‘चुकलं माझं’ म्हणून टाकायचं होतंस गं. तुझं काय जात होतं?”

“माझं नाही आई, कुणाचा तरी जीव जात होता.”

आईने एक चादर घडी केली, मोडली, परत केली.

“तुझ्या आजोबांचा चष्मा,” ती एकदम म्हणाली, “मी नव्हता ठेवला खुर्चीवर.”

“माहीत आहे गं मला.”

“असू दे माहीत. मला म्हणू दे.” आईने चादर बाजूला टाकली आणि ताठ बसली. “मी नव्हता ठेवला!”