पुठ्ठ्यावरची नऊ भोकं

वहिनींचा फोन आला तेव्हा मी वारज्याच्या पुलाखाली सिग्नलला उभा होतो. "भाऊजी, लगेच या. हे उठत नाहीयेत," एवढंच त्या म्हणाल्या. मी कात्रजला पोहोचेपर्यंत दादा गेलेला होता... त्याला आता सात आठवडे झाले. भेटणारे सगळे त्याच्याबद्दल भरभरून बोलतात, मीही बोलतो, आणि बोलून झालं की मला माझीच चीड येते.

दादा माझा थोरला भाऊ. कारखान्यात फिटर होता. निवृत्त झाल्यावर सोसायटीच्या पार्किंगमध्ये पाट टाकून बसायचा आणि ओळखीपाळखीच्यांच्या गाड्या दुरुस्त करायचा. चहा स्वतःच्या घरून पाजायचा, वर एखादा टोमणा फुकट. "गाडी धुवायचीही असते, हे शोरूमवाले बोलले नाहीत वाटतं?" अशी सुरुवात असायची.

दोन वर्षांपूर्वी माझी मोटरसायकल खडीवरून घसरली आणि इंजिनाचं उजवीकडचं कव्हर तडकलं. नवं कव्हर आणि त्याखाली बसणारं, तेल अडवणारं कागदी पॅकिंग घेऊन मी रविवारी त्याच्याकडे गेलो. दादाची एक पद्धत होती. पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढायचा, त्याला भोकं पाडायची आणि काढलेला प्रत्येक बोल्ट आपापल्या भोकात खोचून ठेवायचा, कारण सगळे सारख्या लांबीचे नसतात. मग जुनं पॅकिंग तो प्लास्टिकच्या पट्टीने खरवडत बसला, खरवडतच बसला... मला मित्राकडे जेवायला जायचं होतं. मी तिसऱ्यांदा घड्याळ पाहिल्यावर म्हणाला, "इंजिनिअर ना तू? धीर धरायचा विषय ऑप्शनला टाकला होतास का?"

नवं पॅकिंग आणि कव्हर जागेवर ठेवून तो इन्सुलिन घ्यायला वर गेला. "बोल्टना हात लावू नकोस," असं सांगून गेला. मी पुठ्ठा उचलला, तो कलंडला आणि नऊच्या नऊ बोल्ट फरशीवर पडले. अंदाजाने लावत सुटलो. एक पूर्ण आत जाईना, म्हणून पान्यावर जोर दिला. कट्‌ असा आवाज झाला. लांब बोल्ट आखूड भोकात गेला होता आणि खाली इंजिनाच्याच अंगाला केसाएवढी रेघ उमटली होती. मी घाईघाईने बोल्ट बदलून बरोबर लावले, फडकं फिरवलं. दादा खाली आला, "झालं पण?" म्हणाला आणि सवयीप्रमाणे त्याने सगळे बोल्ट स्वतः पुन्हा आवळले.

दुसऱ्या दिवशी तेल ठिबकायला लागलं. दादाने ती रेघ पाहिली, मग स्वतःची बोटं पाहिली. मधुमेहाने त्याच्या बोटांची टोकं बधिर व्हायला लागली होती. "कळलंच नाही रे मला. जास्त आवळला गेला," तो म्हणाला. मी काय म्हणालो? "जाऊ दे दादा, होतं असं." म्हणजे मीच त्याला माफ केलं.

गॅरेजवाल्याने वेल्डिंग करून दिलं. दादाने मात्र त्यानंतर कुणाच्याही गाडीला हात लावला नाही. कुणी आलंच तर, "आता माझा हात राहिला नाही," म्हणून परत पाठवायचा. पाट माळ्यावर गेला, टोमणे आटले, दिवसभर तो टीव्हीसमोर बसू लागला. दर भेटीत मी ठरवायचो, आज सांगू. आणि जेवून परत यायचो.

तेराव्यानंतर वहिनींनी त्याची हत्यारांची पेटी माझ्यापुढे ठेवली. "तुम्हीच न्या. तुमची गाडी त्यांच्या हातून बिघडली, ते फार लागलं होतं त्यांना." तेव्हाही मी पेटी उचलली आणि घरी आलो.

पेटीच्या तळाशी तो पुठ्ठा निघाला. तेलाचे डाग, नऊ भोकं आणि प्रत्येक भोकाशी दादाच्या अक्षरात 'लांब' किंवा 'आखूड'. त्या दिवशी मी ते वाचलंसुद्धा नव्हतं.

वहिनी रविवारची पुरवणी चष्मा पुसून शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात, हे मला ठाऊक आहे; म्हणून हे तिथेच छापायला दिलं. वहिनी, तो बोल्ट मी आवळला होता. दादाचा हात शेवटपर्यंत चांगला होता.