मिरचीचे हात, पहिला घास
शेजारची मावशी त्या दिवशी नसती, तर माझी लेकरं रुसून उपाशीच झोपली असती. मिरचीचा ठसका लागला की अजून तीच आठवते. जालन्याहून नंदुरबारला नवीनच आलो होतो. माझी शाळा लहानपणीच सुटलेली, म्हणून मिरचीचे देठ खुडायचं काम मिळालं तेच धरलं. आमच्या घरची रीतच आहे, व्हॅलेंटाईनच्या दिवशी प्रार्थना झाली की आई प्रत्येक लेकराला पहिला घास भरवते. दोघं लाल कागदाचे बदाम छातीला लावून ताटापाशी बसलेली, अन् माझ्या हातांची नुसती आग. किती साबण लावला, तरी धाकटीच्या तोंडाशी हात न्यायचा धीर होईना. "आई, आज प्रेम नाही का?" थोरल्याने विचारलं, तशी मला रडूच फुटलं. ते ऐकून मावशी गोडेतेलाची वाटी घेऊन आली. "हात इकडे आन, येडी!" तिने तेल चोळलं, हात धुतले, अन् माझं बोट सरळ स्वतःच्या डोळ्याला लावलं. मी दचकून बोट मागे ओढलं. ती हसली. "दख, काही झोंबत नही. आते भरव पोऱ्हेसले." तिच्या अहिराणीतलं ते ऐकून मी दोन्ही पोरांना पहिला घास भरवला. आता ती थकली आहे, मीही थकले आहे. पण तिने कधी अंथरूण धरलं, तर तिच्या सुनांच्या आधी उशाशी मी जाऊन बसेन.