भिंतीआडची टाकी

बांधकामावर सगळे त्यांना ‘बडबडे’ म्हणत आणि त्यांना त्याचं मुळीच वाईट वाटत नसे. क्रेनच्या सिग्नलवाल्याचं पोटच बोलण्यावर. वर केबिनमध्ये बसलेल्या ऑपरेटरला भिंतीआडचं काही दिसत नाही. वॉकीटॉकीवरून येणारा आवाज हेच त्याचे डोळे. म्हणून शब्द मोजके आणि ठरलेले. ‘इकडे’, ‘तिकडे’ला साफ मज्जाव. “तुझं इकडे ते माझं तिकडे, टाळकं फुटेल कुणाचं तरी,” असं ते नव्या माणसाला दरडावत. दुसरा नियम असा, की बोजा हलतोय तोवर बोलत राहायचं. आवाज बंद पडला की ऑपरेटरनं क्रेन थांबवायची.

आज केबिनमध्ये त्यांची लेक होती. परवान्याची परीक्षा. पाण्याची टाकी भिंतीपलीकडच्या चौथऱ्यावर टेकवायची होती. मागच्या खेपेला ती नापास झाली होती. आता हुकलं, तर पुन्हा गोदामात खोकी उचलणं आलं. परीक्षक बडबड्यांच्या शेजारीच उभे होते.

“बोजा खाली, सावकाश.”

“बोजा खाली, सावकाश,” वरून लेकीनं हुकूम परत म्हटला.

“खाली... खाली... खाली...”

झोपलेलं मूल गादीवर ठेवावं तशी टाकी उतरू लागली. ना हेलकावा, ना हिसका. बडबडे बघतच राहिले. ऊर भरून आला आणि तोंड बंद पडलं. टाकी चौथऱ्याच्या हातभर वर थबकली.

“काय हो, घाबरली की काय?” परीक्षकांनी विचारलं.

तेवढ्यात वॉकीटॉकी खरखरली. “आवाज बंद झाला. क्रेन थांबवली आहे. हुकमाशिवाय हलवणार नाही.”

“चूक माझी, साहेब. बघत राहिलो.”

मागून मुकादम म्हणाला, “हातभर तर राहिलं होतं. अंदाजानं टेकवली असती, तरी चाललं असतं!”

“टेकवली असती, तर नापास केलं असतं,” परीक्षक म्हणाले. “चला, पुढे बोला.”

टाकी टेकली. लेक शिडी उतरून खाली आली, ती हसतच.

“काय बाबा, आई जन्मभर सांगतेय जरा गप्प बसा म्हणून. आजचाच मुहूर्त सापडला?”

“पास झालीस ना? मग वडिलांना बोलू नकोस.”

त्या दिवशी फाटकावरच्या पहारेकऱ्यापासून चहावाल्यापर्यंत त्यांनी कुणालाच सोडलं नाही.

“मी गप्प बसलो,” ते सांगत, “आणि पोरीला ते बरोबर कळलं!”